दमिळ, द्रविड आणि शब्दसाम्याची कसोटी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे काय, या प्रश्नाची चर्चा त्याच्या सातव्या प्रकरणात येते. दास, नाग आणि द्रविड ही एकाच लोकसमूहाची नावे आहेत. 'द्रविड' हे 'तमिळ' या शब्दाचे संस्कृतात गेलेले रूप आहे. आणि आर्यांच्या आगमनापूर्वी तमिळ ही काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेल्या नागांची भाषा होती, अशी तीन विधाने त्या चर्चेत आढळतात. आपल्या चळवळीत या विधानांना फार मोठे स्थान आहे. मात्र गेल्या काही दशकांत त्यांच्या आधाराने जे भाषिक साहित्य निर्माण झाले, त्याची तपासणी फारशी झालेली नाही. तमिळ आणि पालि, तमिळ आणि मराठी, इतकेच काय पण तमिळ आणि जपानी यांच्यातील सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या याद्या पुस्तिकांतून छापल्या जातात, शिबिरांतून वाचून दाखविल्या जातात आणि त्यांवरून 'पालि ही तमिळची कन्या', 'तमिळ बोलणारे तेवढे नाग' असे निष्कर्ष काढले जातात. पालिच्या वर्गात येणारे विद्यार्थी या याद्या हाती घेऊन येतात. त्यांना काय उत्तर द्यावे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम त्या प्रकरणाचा हेतू ध्यानात घेतला पाहिजे. अस्पृश्य हे द्रविडांनी जिंकलेल्या, द्रविडपूर्व वंशाचे लोक होत, असा सिद्धांत स्टॅन्ले राइस यांनी मांडला होता. बाबासाहेबांना तो खोडावयाचा होता. दास म्हणजेच नाग आणि नाग म्हणजेच द्रविड हे दाखविले, की वंशांची लांबलचक यादी आखूड होते आणि 'द्रविडपूर्व' नावाचा वेगळा वंश कल्पिण्याचे कारण उरत नाही. त्यापुढे शरीरमापनाचा आधार घेऊन ते म्हणतात, की ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्यच आहेत. ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड आहेत. ब्राह्मण नाग असतील तर अस्पृश्यही नागच आहेत. अस्पृश्यतेचा वंशाशी संबंध नाही, हा त्या प्रकरणाचा निष्कर्ष आहे. आज त्याच प्रकरणातील एक-दोन वाक्ये सुटी करून 'आमचा वंश वेगळा, आमची भाषा वेगळी' असे सिद्ध करण्यासाठी वापरली जातात. वंशवाद मोडण्यासाठी रचलेल्या युक्तिवादातून वंशवाद उभारण्याचा हा उद्योग आहे आणि त्याला बाबासाहेबांचे नाव जोडणे आम्हास अनुचित वाटते.

दुसरे असे, की या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या सिद्धांताला अंतिम सत्य म्हटलेले नाही. पुरावा जेथे तुटतो तेथे अनुमानाचा पूल बांधावा लागतो हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले, आणि वाचकाने तो सिद्धांत अभ्युपगम म्हणून तपासावा अशी अपेक्षा ठेवली. तेव्हा तपासणी ही ग्रंथकाराने स्वतःच मागितलेली गोष्ट आहे. आम्ही वरील तीन विधाने एकेक करून पाहू.

'द्रविड' हा शब्द 'तमिळ'वरून झाला, हे पहिले विधान. ते आजच्या भाषाशास्त्रातही टिकून आहे, आणि ते टिकविणारा मुख्य साक्षीदार पालि-प्राकृतच आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. महावंसात 'दमिळ' हे रूप वारंवार येते. नागार्जुनकोंडा येथील इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एका शिलालेखात, थेरांनी ज्या देशांना धम्माकडे वळविले त्यांच्या यादीत काश्मीर, गांधार, वनवासी आणि तंबपण्णी यांच्याबरोबर 'दमिळ'ही आहे. श्रीलंकेतील प्राचीन ब्राह्मी लेखांत 'दमेड' असे रूप असून अनुराधपुरात 'दमेड' गहपतींच्या प्रासादाचा आणि अन्यत्र 'दमेड' वणिजाने दिलेल्या दानाचा निर्देश आहे. खारवेलाच्या हाथीगुंफा लेखात 'त्रमिर' देशांच्या संघाचा उल्लेख येतो. ग्रीक भूगोलकारांच्या हस्तलिखितांत दक्षिणेतील किनाऱ्याचे नाव 'लिमिरिके' असे आढळते. ग्रीक लिपीतील 'ल' आणि 'द' यांची अक्षरे दिसण्यात इतकी जवळची आहेत, की ते मुळात 'दमिरिके' असावे असे विद्वान मानतात, आणि प्यूटिंगर नकाशावर 'दमिरिके' असेच नाव आहे.

ही रूपे एका ओळीत ठेवली म्हणजे ध्वनींचा प्रवास उलगडतो. तमिळ शब्दाचा शेवटचा वर्ण आपण मराठीत 'ळ' लिहितो खरा, पण तमिळमध्ये 'ळ' हा निराळा वर्ण आहे आणि या शब्दातील वर्ण त्याहून निराळा, जीभ अधिक मागे वळवून उच्चारावयाचा आहे. देवनागरीत त्यासाठी 'ऴ' हे चिन्ह योजतात. ज्या भाषांत तो नव्हता त्यांनी जवळचा वर्ण घेतला. पालिने 'ळ' घेतला. अभिजात संस्कृतला 'ळ'ही परका, म्हणून तेथे 'ड' आला. आरंभीचा 'त' आणि 'द' हा भेद तमिळ लिपी करीतच नाही. राहिला 'र'. पालितील 'दोण' म्हणजे संस्कृतातील 'द्रोण' हे पंडितांना ठाऊक होते. त्याच न्यायाने 'दमिळ'मधील 'द'च्या पोटातही 'र' दडलेला असणार असे समजून त्यांनी तो 'परत' घातला. वस्तुतः तो तेथे कधीच नव्हता. 'म'चा 'व' होणे तर मराठी माणसाला शिकविण्याची गरज नाही. 'ग्राम'चा 'गाव' आणि 'नाम'चे 'नाव' आपण रोज म्हणतो. असा 'दमिळ', 'द्रमिड', 'द्रविड' हा क्रम लागतो. स्वतःच्या भाषेचे नाव लोकांनी ठेवले, मधल्या बोलींनी ते आपल्या जिभेवर घेतले, आणि शेवटी संस्कृतने त्याला शुद्धतेचा मुलामा दिला. पुढे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हेच 'द्रविड' क्रियालोपाने वृषलत्व पावलेल्या क्षत्रियांच्या यादीत जाऊन बसतात. म्हणजे नावही बदलले आणि दर्जाही ठरविला गेला.

तमिळ ही सर्व भारताची भाषा होती, या दुसऱ्या विधानाबाबत मात्र आम्हाला दुरुस्ती सुचवावी लागते. 'तमिळ' आणि 'द्राविडी भाषाकुल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी १८१६ साली आणि रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ साली दक्षिणेतील भाषा एका कुलाच्या असून त्या संस्कृतोद्भव नाहीत हे दाखविले. या कुलात तमिळ, तेलुगू, कन्नड, मलयाळम यांच्याबरोबरच गोंडी, कोलामी, कुडुख, माल्तो आणि थेट बलुचिस्तानातील ब्राहुई यांचाही समावेश होतो. या सर्वांची आई म्हणजे एक आद्य द्राविडी भाषा. ती कोणी लिहून ठेवलेली नाही. तिच्या लेकींच्या शब्दांची तुलना करून तिचे शब्द पुन्हा बांधावे लागतात. तमिळ ही या लेकींपैकी एक. सर्वांत प्राचीन वाङ्मय तिच्याजवळ आहे, म्हणून ती आई ठरत नाही.

याचा पुरावा पाहावयास मदुराईला जाण्याचे कारण नाही. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत गोंडी बोलली जाते. तमिळमध्ये सहा या संख्येला 'आऱु' म्हणतात, गोंडीत 'सारूंग'. तमिळमध्ये मीठ म्हणजे 'उप्पु', गोंडीत 'सोवर'. दोन्ही ठिकाणी गोंडीत आरंभी 'स' आहे आणि तमिळमध्ये काहीच नाही. गोंडीच्याच काही बोलींत हा 'स' 'ह' झालेला आढळतो ('होवर'), तर काहींत तोही गळून जातो. म्हणजे तमिळने जो वर्ण फार पूर्वी गमावला तो गमावण्याची क्रिया गोंडीत अजून अर्ध्यावर आहे. जे आईजवळच नाही ते लेकीला तिच्याकडून कसे मिळणार? गोंडी तमिळपासून निघाली असती तर तिच्यात हा 'स' येताच ना. तमिळला सर्वांच्या माथ्यावर बसविणारे आपले मित्र नकळत गोंड आणि कोलाम बांधवांच्या भाषांना दुय्यम ठरवितात, हेही येथे नमूद केले पाहिजे. संस्कृतने प्राकृतांना जे केले तेच हे.

टी. बरो आणि एम. बी. एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१ साली निघाला आणि त्याची सुधारित आवृत्ती १९८४ साली आली. त्यात या कुलातील शब्द गटागटाने एकत्र मांडले आहेत. १९४८ साली बाबासाहेबांच्या हाती हे साधन नव्हते. त्यांच्या वाक्यातील 'तमिळ' या शब्दाच्या जागी 'द्राविडी कुलातील भाषा' असे वाचले, तर उत्तरेत अशा भाषा एके काळी बऱ्याच अधिक पसरलेल्या होत्या असे मानणारे विद्वान आजही आहेत. कुडुख आणि माल्तो तर झारखंडाच्या बाजूला आजही बोलल्या जातात. तथापि ऋग्वेदाच्या प्राचीनतम भागातील परके शब्द द्राविडी आहेत की मुंडा वळणाच्या एखाद्या भाषेतले, याविषयी तीव्र मतभेद आहेत. 'सर्व भारत' हे शब्द त्यामुळे पेलणारे नाहीत.

मग शब्दांचा संबंध सिद्ध कसा होतो? याचे एक उत्तम उदाहरण आपल्या विनयपिटकातच आहे. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात भिक्खूंना औषध म्हणून ज्या मुळांची अनुज्ञा दिली आहे, त्यांत हळदीच्या पाठोपाठ 'सिंगिवेर' हा शब्द येतो. सिंगिवेर म्हणजे आले. संस्कृतात त्याला 'शृंगवेर' म्हणतात आणि कोशकार त्याचा अर्थ 'शिंगासारखा देह असलेले' असा लावतात. आल्याचा गड्डा पाहिला तर ही कल्पना सुचण्यासारखी आहे. पण शब्द नीट पाहा. संस्कृत 'शृंग' याचे पालि रूप 'सिंग' होते. 'शृंगवेर' हा मूळ शब्द असता तर पालित 'सिंगवेर' यावयास हवे होते. पालित मात्र 'सिंगिवेर' आहे. मधला हा ऱ्हस्व 'इ' कोठून आला? तमिळमध्ये आल्याला 'इंजी' म्हणतात आणि 'वेर' म्हणजे मूळ. 'इंजीवेर' म्हणजे आल्याचे मूळ. मधला 'इ' तेथे जागच्या जागी आहे. पालितील आरंभीचा 'स' तमिळमध्ये नाही ही अडचण वाटेल, पण वर 'सारूंग' आणि 'सोवर' यांच्या बाबतीत आपण पाहिलेच, की तमिळने आरंभीचा हा वर्ण गमावलेला आहे. म्हणजे पालिने हा शब्द दक्षिणेकडून घेतला तेव्हा तो 'स' शाबूत असलेल्या रूपात घेतला, आणि पुढे संस्कृतने त्याला शिंग चिकटवून आपलासा केला.

येथेच हा प्रवास थांबत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीझ या ग्रीक वैद्याने आल्याला 'झिंगिबेरिस' म्हटले आहे. त्यातही मधला 'इ' आहे. म्हणजे ग्रीकांच्या कानी पडलेला शब्द पंडितांचा 'शृंगवेर' नव्हता. तो बंदरांत आणि बाजारांत बोलल्या जाणाऱ्या प्राकृतातील, पालिच्या जवळचा शब्द होता. त्यावरून लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी रूपे झाली. अरबीत 'जंजबील' झाले आणि तो शब्द कुराणातही आला. अ‍ॅलन रॉस यांनी १९५२ साली या एका शब्दावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. 'इंजी' हा शब्द द्राविडीतही आणखी पूर्वेकडून, आले हे पीक जेथून आले त्या आग्नेय आशियातून आला असावा असे काही अभ्यासक म्हणतात; तसे असले तरी 'वेर' या भागाला धक्का लागत नाही. गमतीची गोष्ट अशी, की भेसज्जक्खंधकाच्या त्याच यादीत 'उसीर' म्हणजे आपला वाळा आहे. वाळ्याला तमिळमध्ये 'वेट्टिवेर' म्हणतात आणि तो शब्द फ्रेंच व इंग्रजीत 'व्हेटिव्हर' होऊन अत्तरांच्या बाटल्यांवर गेला. 'वेर' तोच. आम्ही मराठी लोकांनी मात्र 'सिंगिवेर' सोडून ओल्या मुळाला 'आर्द्रक'वरून 'आले' म्हटले. पालितील 'अल्ल' म्हणजे ओले, तोच हा शब्द.

हा पुरावा सबळ का, ते पाहावे. शब्दाच्या दोन्ही भागांना एका भाषेत स्वच्छ अर्थ आहे. वर्णांतील फरक त्या भाषेच्या इतर शब्दांतही नियमाने आढळतो. वस्तू त्या प्रदेशातील व्यापाराची आहे. शब्दाचे प्राचीन लिखित रूप हाती आहे, आणि विरुद्ध पक्षाची व्युत्पत्ती कोठे अडखळते हे दाखविता येते. 'कांजी' या शब्दाचेही असेच. तमिळ 'कंजी', पालि 'कंजिय', मराठीत कपड्यांना घालावयाची खळ ती कांजी, आणि पोर्तुगीजांच्या द्वारे इंग्रजीत गेलेले पेजेचे नाव, ही सर्व एकाच घरची. एवढ्या अटी पुऱ्या करणारे शब्द मोजकेच निघतात. पुस्तिकांतील शेकडो शब्दांच्या याद्यांवर ही कसोटी लावली तर किती उरतील, याचा अंदाज वाचकांनी करावा.

उसनवारी दोन्ही बाजूंनी झाली आहे, हेही या याद्या लपवितात. मदुराईजवळच्या मांगुळम येथील गुहालेख इरावतम महादेवन यांच्या मते इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील आहेत. त्या तमिळ लेखांत 'धम्मम' हा शब्द आहे, आणि व्यापाऱ्यांच्या संघासाठी 'निकम' आहे; तो पालितील 'निगम'च. तमिळ ब्राह्मीचे हे बहुतेक गुहालेख जैन श्रमणांचे आहेत, बौद्ध नव्हेत, हे महादेवन यांचे मत आपल्याला रुचो वा न रुचो, ते पुराव्यावर उभे आहे. पालि-प्राकृतातून तमिळमध्ये गेलेले 'समणर', 'तेरर' (थेर), 'संगम', 'चेट्टि' (सेट्ठि) हे शब्द श्रमण आणि व्यापारी तेथे एकाच वाटेने गेल्याची साक्ष देतात. 'तेरर' आणि 'समणर' ही नावे तर पुढे शैव संतांच्या तेवारम पदांत निंदेसाठी वापरलेली आढळतात. पण उसने घेतलेल्या शब्दांवरून नाते ठरत नाही. मराठीत फारसी शब्द पुष्कळ आहेत, म्हणून मराठी ही फारसीची लेक होत नाही.

शब्दसाम्याचा सापळा किती साधा असतो याचे एक उदाहरण देतो. तमिळनाडूतील जंबै या गावी १९८१ साली एक गुहालेख सापडला. 'सतियपुतो' अदियमान नेडुमान अंजी याने ही 'पाळी' दिली, असा त्याचा आशय. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखातील 'सतियपुत' कोण, हा जुना वाद त्या एका ओळीने मिटला. पण आमच्या विषयापुरता महत्त्वाचा शब्द 'पाळी' हा आहे. त्याचा अर्थ श्रमणांचे वसतिस्थान. 'पळ्ळि' हा तमिळ शब्द वस्ती, मठ आणि पुढे शाळा या अर्थांनी चालतो. आता श्रमणांच्या निवासाला 'पाळी' म्हणत, म्हणून तेथे बोलली जाणारी भाषा 'पालि', असे म्हणण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु अट्ठकथांत 'पालि' हा शब्द मूळ वचनाची ओळ, मूळ पाठ या अर्थाने, अट्ठकथेहून वेगळा म्हणून येतो, आणि भाषेला ते नाव त्यानंतर लागले आहे. दोन शब्दांचा संबंध जुळविण्यासाठी या सर्व वाङ्मयाकडे डोळेझाक करावी लागते. आणि साम्यावरच जावयाचे तर तमिळमध्ये 'पल्लि' म्हणजे भिंतीवरची पाल, हेही यादीत घ्यावे लागेल. तमिळ माणूस 'ल' आणि 'ळ' यांत गल्लत करीत नाही. मराठी माणूसही 'कल' आणि 'कळ' एक मानीत नाही. तरीही आमच्या याद्यांत मात्र ती गल्लत सर्रास आढळते.

'पूजा' या शब्दाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण तो वारंवार पुढे केला जातो. तमिळ 'पू' म्हणजे फूल आणि 'चेय' म्हणजे करणे, यांवरून 'पूजा' झाला, हे मत सुनीतिकुमार चतर्जी यांच्यामुळे सर्वत्र पसरले. यार्ल शार्पाँतिये यांनी 'पूसु' म्हणजे माखणे या द्राविडी धातूकडे बोट दाखविले होते, तर पाउल टीमे यांनी १९३९ साली तो संस्कृत धातूवरूनच साधला. आमचा आक्षेप अर्थाविषयी आहे. प्राचीन पालित 'पूजा' आणि 'पूजेति' यांचा अर्थ मान देणे, आदर करणे असा आहे. मंगलसुत्तात पूजनीयांची पूजा येते तेथे फुलांचा प्रश्न नाही. फूल मागाहून आले. शिवाय तमिळमध्ये पूजेसाठी जो 'पूसै' शब्द आहे तोच मुळी 'पूजा'वरून तेथे गेलेला आहे. हा शब्द द्राविडी ठरवून 'पूजा ही आर्यांची नाहीच' असा आनंद मानण्याइतका पुरावा येथे नाही.

दूरदेशीच्या नात्यांविषयी थोडक्यात. देवनेय पावाणर यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तमिळ ही जगातील आद्य भाषा ठरविली. जपानचे सुसुमु ओनो यांनी तमिळ आणि जपानी यांचे नाते मांडण्यात आयुष्याची अनेक वर्षे वेचली. पहिल्याला अभिमानाने आणि दुसऱ्याला परिश्रमाने तोलले तरी दोहोंना भाषाशास्त्रज्ञांची सर्वसाधारण मान्यता मिळालेली नाही. 'अम्मा', 'अप्पा' यांसारखे शब्द जगभर सारखे आढळतात, कारण मूल प्रथम ओठांनीच बोलते. ऑस्ट्रेलियातील म्बाबरम भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. रॉबर्ट डिक्सन यांनी तो शब्द नोंदविला आणि त्याचे मूळही त्याच प्रदेशातील भाषांतून दाखविले. इंग्रजीशी त्याचा काडीइतका संबंध नाही.

आपल्याकडे विश्वनाथ खैरे यांनी 'द्रविड महाराष्ट्र' आणि 'अडगुलं मडगुलं' या पुस्तकांतून संस्कृत, मराठी आणि तमिळ यांचा एकत्र विचार मांडला व त्याला 'संमत' असे नाव दिले. मराठीचा तळ संस्कृतखेरीज अन्यत्रही शोधावा हा त्यांचा आग्रह योग्यच होता. तथापि एकाच भाषेचा कोश हाती धरून बालगीतांपर्यंत अर्थ लावीत जाण्याची पद्धत आम्हास धोक्याची वाटते. मराठीचा शेजार कन्नड, तेलुगू आणि गोंडी यांचा. तेथे तमिळलाच प्रथम विचारावे असे का?

येथे कोणी म्हणेल, की शब्दांची फोड ही आमच्या पूर्वसूरींची शस्त्रेच होती. ते खरे आहे. महात्मा फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त 'महार' शब्द 'महाअरि' म्हणजे मोठा शत्रू असा फोडला. मद्रासला १८९८ साली शाक्य बौद्ध संस्था स्थापन करणारे आणि १९०७ पासून 'तमिळन' साप्ताहिक चालविणारे पंडित अयोत्तिदास यांनी 'पऱैयर' हे नाव 'पऱै' म्हणजे सांगणे या अर्थाशी जोडले. वेषधारी ब्राह्मणांचे ढोंग लोकांना उघडपणे सांगणारे बौद्ध ते पऱैयर, असा त्यांचा पक्ष. 'पऱै' म्हणजे बोलणे असा शब्द द्राविडी भाषांत खरोखर आहे. पण 'पऱै' म्हणजे ढोल असाही शब्द आहे, आणि संघम काळातील पुऱनानूऱु या संग्रहात पऱैयन हे नाव तुडियन, पाणन यांच्याबरोबर येते. तुडि हेही एक वाद्यच. त्यामुळे ढोलाचा अर्थ बळकट ठरतो. मात्र त्या जुन्या कवितेत ही कुळे हीन म्हणून आलेली नाहीत. त्यांच्याखेरीज दुसरी कुळेच नाहीत अशा थाटात ती आली आहेत. कलंक नंतरचा आहे, आणि तो पोर्तुगीजांच्या द्वारे युरोपीय भाषांत 'परिया' होऊन जगभर गेला. अयोत्तिदासांची व्युत्पत्ती टिकली नाही तरी त्यांचा मूळ प्रश्न, या लोकांवर हीनत्व कोणी व केव्हा लादले हा, टिकतोच. आणि त्याला पऱैयर या शब्दाचा जुना वापर अधिक चांगले उत्तर देतो. फुले आणि अयोत्तिदास यांनी अपमानाचे नाव उलटवून दाखविले, ते वाद जिंकण्यासाठी. त्याला त्या काळाचे प्रयोजन होते. आज विद्यापीठातील पालि विभागांत बसून आपण तेच पुरावा म्हणून छापू लागलो तर विरोधकाला आपले सर्वच लेखन एका फटक्यात उडवून लावण्याची सोय होते, आणि हाल होतात ते प्रबंध लिहिणाऱ्या आपल्याच मुलांचे.

आता तिसरे विधान: नागांची भाषा तमिळ होती. नागांच्या भाषेतील असे म्हणून निश्चित सांगता येईल असा शब्दसंग्रह उपलब्ध नाही. 'नाग' हा शब्द संस्कृत-पालितला आहे. तमिळमध्ये सापाला 'पांबु' आणि 'अरवु' हे स्वतःचे शब्द आहेत, 'नागम' हा बाहेरून आलेला. याचा अर्थ नाग लोक नव्हते किंवा ते द्राविडी भाषा बोलत नव्हते असा होत नाही, कारण लोकांना मिळालेली नावे पुष्कळदा दुसऱ्यांनी दिलेली असतात. एवढेच, की या प्रश्नाचा निकाल शब्दांच्या आधारे लागत नाही. तो शिलालेख, नाणी आणि राजवंशांच्या इतिहासाकडे सोपवावा लागतो. ग्रंथाचा गाभा त्यावर अवलंबूनही नाही. वाताहत झालेले लोक, त्यांचे बौद्ध असणे, आणि गोमांसाच्या प्रश्नावरून ब्राह्मणांनी त्यांच्याविषयी धरलेला तिरस्कार, हा जो मुख्य सिद्धांत बाबासाहेबांनी इतर प्रकरणांतून मांडला, त्यातील एकही दुवा तमिळ भाषेच्या व्याप्तीवर टेकलेला नाही.

महाराष्ट्र शासनाने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या सातव्या खंडात हा ग्रंथ समाविष्ट आहे. त्याच्या अभ्यासकांसाठी सातव्या प्रकरणाला टिपा जोडलेली एखादी मराठी पुस्तिका आपल्या संस्थांनी काढावी अशी आमची सूचना आहे. 'दमिळ'च्या टिपेत नागार्जुनकोंडा आणि अनुराधपुर येथील लेखांचे पाठ द्यावेत, 'तमिळ'च्या टिपेत द्राविडी कुलाचा तक्ता द्यावा आणि त्यात गोंडी व कोलामीचे शब्द त्या भाषा बोलणाऱ्यांकडून तपासून घ्यावेत. कोलामी बोलणारी गावे यवतमाळ जिल्ह्यात आहेत, आणि त्याच जिल्ह्यात आपली विहारेही आहेत.